तक्ता उतरवला

सातवीला ऋतू शिकवताना मी वर्षानुवर्षं एकच तक्ता टांगत आले. दोन रात्री जागून रंगवलेला. मधोमध झगमगता सूर्य, भोवती अंड्यासारखी लांबट कक्षा, तिच्यावर चार पृथ्व्या. उरल्या जागेत चांदण्या, शनीची कडी, एक धूमकेतू. चित्र भरगच्च असलं की मुलं रमतात आणि रमली की शिकतात, असं मी मनापासून मानत होते.

एका चाचणीत एका मुलीनं लिहिलं, 'हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून थंडी पडते.' मी फुली मारली. मधल्या सुट्टीत ती तक्त्यापाशी गेली आणि एकेका पृथ्वीवर बोट ठेवत म्हणाली, "बाई, डिसेंबर बघा, लांबच्या टोकाला आहे. मार्च जवळ, तेव्हा ऊन तापायला लागतं. जून परत लांब, मग पाऊस येऊन गार होतं. सप्टेंबर जवळ, म्हणून ऑक्टोबर हीट."

मला उत्तर सुचेना. तिनं चित्र नीट वाचलं होतं, गावच्या हवेशी ताडूनही पाहिलं होतं. चुकीचं शिकवलं होतं ते माझ्या तक्त्यानं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती ऐन थंडीत, जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जुलैत १५.२ कोटींवर.

घरी येऊन हिशेब मांडला. ३० सेंटिमीटर व्यासाची खरी कक्षा काढली, तर लांबी-रुंदीत खडूच्या रेघेइतकाही फरक येत नाही. सूर्य मध्यापासून जेमतेम अडीच मिलिमीटर सरकतो. पुस्तकात ती लांबट दिसते, कारण तिरप्या नजरेनं काढलेली असते. जेवायला बसलं की समोरच्याचं ताट लांबट दिसतं, तशी. हे मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं.

आता फळ्यावर आधी दोनच चित्रं असतात. चौकटीच्या कागदावर बॅटरीचा झोत सरळ पडलेला, आणि तोच तिरका पडून जास्त चौकटींवर पसरलेला, म्हणून फिका. मग गोल कक्षेवर साडेतेवीस अंश कललेली, हिवाळ्यात असंच तिरकं ऊन घेणारी पृथ्वी येते. नावं खाली सूचीत नाहीत, जागच्या जागी. शब्द चित्रालगत हवेत आणि विषयाबाहेरची सजावट नको, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनानं मला पटवलं. तरी धूमकेतू सोडताना जिवावर आलं.

चित्र काढलं की मी आधी काही बोलत नाही. "काय दिसतं?" एवढंच विचारते. परवा एकानं विचारलं, "बाई, कक्षेची रेघ इथं जाड आहे, पृथ्वी इथं थांबते का?" मी तेवढी रेघ पुसून पुन्हा काढली.