उस्तादाचा कान

दिल्लीत काश्मीरी गेटजवळ, मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारामागील गल्लीत एका वृद्ध मिस्त्रीचे गॅरेज होते. पोरे त्याला ‘उस्ताद’ म्हणत, आणि ते गाण्यातल्या उस्तादाइतकेच सार्थ होते. बोनेट उघडण्यापूर्वी तो क्षणभर नुसता ऐके. टॅपेटची टकटक, बेअरिंगची घरघर, पट्ट्याची किंकाळी. निदान कानाने होई, पाना नंतर. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तो कोणाला उघडू देत नसे: दाबाखालील पाणी १०० अंशांवरही उकळत नाही, झाकण सैल होताच मात्र वाफ होऊन तोंडावर येते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरावयाचे नाही, हाही दंडक होता.

एका डिसेंबरात गारठ्यामुळे शिकाऊ पोराने शटर ओढून घेतले आणि इंजिन चालूच ठेवले. इंजिन सुरात होते. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, गंध नाही, आवाज तर नाहीच. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूहून २०० पटींपेक्षा अधिक घट्ट बिलगतो. पोराने डोकेदुखीचा दोष जागरणाला दिला. उस्तादाने त्याला ओढून उघड्यावर आणले, तेव्हा त्याला उभेही राहवत नव्हते.

पोर वाचले. पुढे सायलेन्सरला नळी जोडून तिचे तोंड गल्लीत सोडल्याखेरीज तेथे इंजिन सुरू झाले नाही. आणि उस्ताद ऐन थंडीतही शटर उघडे ठेवून, कांबळे पांघरून ऐकत बसे.