दंडावरची गाय

मायच्या दंडावर देवी काढल्याचे रुपयाएवढे दोन वण होते. राजापेठेतल्या घरी ती कणीक मळायला बसली की बाही वर सरकायची अन् ते दिसायचे. बोट फिरवलं तर कडा गुळगुळीत, मधे चुण्या. माझ्या दंडावरही तसेच दोन आहेत, शिवाय क्षयाविरुद्धच्या बीसीजी लसीचा एक लहान खळगा. "देवी काढल्या म्हून वाचले लेकरं," माय म्हणायची.

त्या वणांत गाय आहे, हे मला फार उशिरा कळलं. धाकट्या भावाच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत बोवाइन, इक्वाइन, कॅप्राइन असे शब्द भेटले. गाय, घोडा, शेळी यांच्या लॅटिन नावांपासून झालेली विशेषणं. त्याच कुळातला सगळ्यांत नशीबवान शब्द म्हणजे व्हॅक्सीन. वाक्का म्हणजे गाय, वाक्किनस म्हणजे गाईचा. १७९६ साली एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला आणि १७९८च्या पुस्तकात त्या रोगाला 'गाईच्या देवी' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. त्याच्या सन्मानासाठी पाश्चरने १८८१ मध्ये सुचवलं, की हा शब्द सगळ्याच लसींना लावावा. तेव्हापासून कोंबड्यांची लससुद्धा नावाने गाईचीच.

आपल्या मुलखात देवीची लस बगदाद, बसरा करत, या दंडावरून त्या दंडावर अशी आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला ती लागू पडली आणि तिच्या फोडातून पुढच्या पाच मुलांना दिली गेली. मला जेन्नरपेक्षा ही पोर जवळची वाटते. बर्फ नव्हता, लस उन्हात टिकत नव्हती. लेकराचं अंग हीच कुपी होती.

बीसीजीचा खळगाही गाईचाच. काल्मेत आणि गेराँ यांनी गुरांना क्षय करणारा मायकोबॅक्टेरियम बोव्हिस तेरा वर्षं पुन्हापुन्हा वाढवून निरुपद्रवी केला आणि १९२१ मध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला दिला गेला.

२०२२ साली गुरांवर लम्पी रोग आला, तेव्हा भाऊ गोठ्यागोठ्यांतून हिंडत होता. हातात लस होती शेळ्यांच्या देवीची.

"बकरीची लस गाईले कशी चालते, डाक्तरसाहेब?" एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं.

दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, भावाने समजावलं. घराण्याचं नाव कॅप्रिपॉक्स, नावातच बकरी आहे.

"मंग टोचा," म्हातारा म्हणाला आणि त्याने गाईची शिंगं घट्ट धरली.