शाहिराची घरवाली

बारामतीहून इंदापूरला एसटीने जाताना अब्बा दर वेळी सांगायचे, "इथंच जवळ अमर शेख गेले." 29 ऑगस्ट 1969, मोटारीचा अपघात. बार्शीचे मेहबूब हुसेन, कामगारांचे शाहीर, संयुक्त महाराष्ट्राचा पहाडी आवाज. आपल्या समाजातला माणूस म्हणून अब्बांना भारी अभिमान.

एकदा अम्मीने विचारलं, "त्यांच्या घरवालीचं नाव काय हो?" अब्बा गप्प झाले.

ते नाव कुसुम जयकर. लग्न 1947 सालचं. नवरा मुसलमान, बायको हिंदू घरची, आणि वर्ष फाळणीचं. पुढे मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या तमाशांवर बंदी घातली. 1948 मध्ये कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. शाहिराची कमाई गाण्यावर. गाणं बंद म्हणजे चूलही बंद, एवढं अम्मीला पुस्तक न वाचता कळत होतं.

त्याच 1948 च्या फेब्रुवारीत मॉस्कोत संगीतकार प्रोकोफिएव्ह यांची पहिली पत्नी लिना पकडली गेली. आठ वर्षं कैदेत. 1953 साली प्रोकोफिएव्ह वारले, तेही तिला छावणीतच कळलं. तिच्या हालांशी इथल्या बंदीची बरोबरी मी करत नाही. पण सरकार गाण्यावर हात टाकतं, तेव्हा तो हात घरापर्यंत पोचतो.

अपघात झाला तेव्हा त्यांची मुलगी मलिका बारा वर्षांची होती. ती पुढे स्वतःच्या नावाने लिहिती झाली.

आता इंदापूर आलं की मी मुलांना दोन्ही नावं सांगते.