खर्जाखालचा आवाज

मेटल संगीतातला गुरगुरता ‘ग्राउल’ पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतो आणि लगेच गायकाच्या घशाची काळजी करू लागतो. एवढं ओरडून गळा राहील कसा? राहतो, तोही वर्षानुवर्षे. आपल्या स्वरतंतूंच्या थोडं वर मऊ घड्यांची आणखी एक जोडी असते. बोलताना ती स्वस्थ पडून असते; ग्राउल करणारा गायक तिला थरथरायला शिकवतो. श्वास पोटातून येतो, घसा मोकळा राहतो. नुसता घसा ताणणाऱ्यांचा आवाज लवकर फाटतो. आमच्या डोंबिवलीत पहाटे तानपुरा जुळवून खर्ज भरणारी घरं अजून आहेत, आणि मला या दोन्ही साधना शेजारच्याच वाटतात. खर्जाखालीही एक तळघर असतं; तिथे उतरायलाही रियाजच लागतो.

मुंबईचा साहिल मखिजा 2000 पासून त्या तळघरात उतरतो आहे. त्याच्या बँडचं नाव ‘डेमोनिक रिझरेक्शन’. एकट्याने गातो तेव्हा तो ‘डीमनस्टीलर’ होतो. बँडच्या पहिल्या अल्बमचंही हेच नाव होतं.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत असा आवाज समोर बसून ऐकायचा तर धोबीतलाव गाठावं लागे. तिथल्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, 1986 साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव भरायचा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून काळे टीशर्ट घातलेली पोरं व्हीटीला उतरून चालत तिथे जायची. परतीच्या गाडीत कान सुन्न असायचे. तेव्हा फास्ट लोकल कळव्यानंतर पारसिकच्या बोगद्यात शिरायची. दारातून आत घुसणारा तो गडगडाट आणि डोक्यात अजून घुमणारा डबल बास ड्रम यांतला फरक कळेनासा व्हायचा. डब्यात कुणी बोलत नसे. मला ती गाडी कार्यक्रमाइतकीच प्रिय होती. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातला आवाज थांबला. रुग्णालयं जवळ होती, नियमाला कारण होतं, हे मान्य. पण त्या जागेच्या तोडीचं दुसरं काही या संगीताला कुणी दिलं नाही, याचं दुःख मला आजही आहे.

जागा नसली की बँड कसे विरतात, हे उपनगरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. इमारतीतल्या दोन खोल्यांत ड्रम वाजवता येत नाहीत. सरावाच्या खोलीचं भाडं तासावर असतं. गिटारवाल्याला नोकरीत बढती मिळते, बासवाला परदेशी जातो, लग्नं होतात. ‘डेमोनिक रिझरेक्शन’मधलीही माणसं पुन:पुन्हा बदलली, मखिजा राहिला. म्हणून त्याच्या एकल अल्बमचा अर्थ मला पाश्चात्त्य गायकांच्या अल्बमपेक्षा वेगळा लागतो. ऑझी ऑस्बॉर्नला ‘ब्लॅक सॅबथ’ने 1979 साली काढून टाकलं आणि 1980 साली त्याचा ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आला. ब्रूस डिकिन्सनने 1993 साली ‘आयर्न मेडन’ सोडलं आणि काही वर्षं तो स्वतःचंच गात राहिला. तिथे एकल गाण्याच्या मुळाशी बहुधा ताटातूट असते. इथे माणसाने बँड सोडलेला नाही; गाणं थांबू नये म्हणून तो एकट्यानेही गातो.

एकट्याने, पण एकाकी नव्हे. 2008 साली मखिजाचा ‘अँड केऑस विल रेन’ आला, 2016 साली ‘धिस बर्डन इज माइन’. या दुसऱ्या अल्बमवर ड्रम वाजवले आहेत ‘नाइल’ या बँडच्या जॉर्ज कोलियासने, म्हणजे ग्रीसच्या माणसाने. 2023 साली आलेल्या ‘द प्रोपगंडा मशीन’वर जर्मनीच्या हानेस ग्रॉसमनसारखे वादक आहेत. कुणी कुठल्या देशात आपला भाग वाजवायचा, कुणी कुठल्या, आणि सगळं येऊन मिळायचं मुंबईच्या एका गळ्याला. ऐकताना सांधा कुठे जाणवत नाही. मला तर अनेकदा वाटतं, सगळे एकाच खोलीत घाम गाळत उभे आहेत.

या गळ्याने याआधी बँडसोबत 2017 साली ‘दशावतार’ गायला होता: दहा अवतारांची दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. कोकणात दशावताराच्या रंगणात संकासुराची आरोळी ऐकलेल्या माणसाला त्यात काही परकं वाटू नये. राक्षसाचा आवाज आपल्याकडे देवळापुढच्या मांडवात वाढला आहे. ‘प्रोपगंडा मशीन’मध्ये मात्र पुराणाचा पडदा नाही. खोट्या बातम्या, पेरलेला द्वेष, भीती दाखवून राखलेली सत्ता, असे आजचे विषय आहेत आणि गायक त्यांच्याकडे सरळ बघतो. मध्येच स्वच्छ, सुरेल आवाजातही तो गातो. त्या ओळी ग्राउलपेक्षा जास्त टोचतात. मला हा अल्बम ‘दशावतार’पेक्षा मोठा वाटतो. तिथे कथा आधीच थोर होती. इथे एका माणसाने आपल्या काळाविषयी स्वतःच्या नावावर बोलण्याची जोखीम घेतली आहे, आणि तीही संयम न सोडता.

एकट्याच्या गळ्यात त्याचं वयही ऐकू येतं. डिकिन्सनचा ‘द मॅन्ड्रेक प्रोजेक्ट’ 2024 च्या मार्चमध्ये आला, आधीच्या एकल अल्बमनंतर एकोणीस वर्षांनी. मधल्या काळात जिभेच्या मुळाशी झालेल्या कर्करोगातून तो बरा झाला होता. 1 फेब्रुवारी 2008 रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात ‘आयर्न मेडन’ने ज्या दौऱ्याची सुरुवात केली, त्या दौऱ्याचं विमान चालवणारा वैमानिकही हाच गायक. पासष्टीतला त्याचा आवाज पूर्वीपेक्षा जाड झाला आहे, वरच्या स्वरांना तो जपून हात घालतो, आणि म्हणूनच शेवटचं जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं तो असं गातो, जणू घाई करायचं त्याला काही कारणच उरलेलं नाही. मखिजा त्या वयापासून अजून दूर आहे. त्याचा गळा त्या वयात काय सांगेल, हे मला ऐकायचं आहे.

पण त्याआधी एक मागणं आहे. डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर, ठाण्याला गडकरी रंगायतन. तिथे नाटक, नाट्यसंगीत, भावगीत सगळ्यांना मान आहे आणि तो असायलाच हवा. एखाद्या पावसाळी रविवारची एक तारीख या आवाजालाही द्यावी. बंद प्रेक्षागृह आहे, शेजारच्यांची झोप मोडणार नाही. श्रोत्यांची चिंता नको. बदलापूर, टिटवाळ्याहून काळे टीशर्ट लोकलने येतील, आणि त्यांतले काही आता आपल्या मुलांनाही घेऊन येतील.