तीन रकाने

शेजारच्या मुलाने जर्बिल पाळण्याचा हट्ट धरला आहे, आणि वडीलधाऱ्यांची मंजुरी मिळावी म्हणून वहीचे एक पान आखून त्याने ते माझ्यापुढे शिफारशीसाठी आणून ठेवले. त्यात रकाने तीनच होते: आकार, आयुष्य, स्वभाव. पहिल्यात शेपटी वगळून चार-पाच इंच, दुसऱ्यात तीन-चार वर्षे, तिसऱ्यात ‘गरीब’. इतका आटोपशीर दाखला मामलेदाराच्या दप्तरातूनही निघाला नसता.

या मंगोलियन उंदराची कुळकथा मोठी चमत्कारिक आहे. १८६६ मध्ये आर्मां दाविद या फ्रेंच पाद्र्याने त्याचे नमुने पॅरिसला धाडले. १९३५ मध्ये अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या काही जोड्यांचा वंश जपानात वाढला, १९५४ मध्ये तो अमेरिकेत पोहोचला, आणि आज घरोघरी नांदणारे बहुतेक जर्बिल त्या मूठभर कैद्यांचेच वारस आहेत. तो सहसा चावत नाही, हे खरे; परंतु परका जातभाई पिंजऱ्यात सोडला तर झुंज प्राणावर बेतते, भय वाटले की तो मागच्या पायांनी जमिनीवर ठोके देतो, आणि शेपटी धरून उचलू गेल्यास तिची कातडी आपल्या चिमटीत राहते, ती पुन्हा येत नाही. तिसरा रकाना जरा रुंद आखायला हवा होता.

गरीब स्वभावाच्या जनावराचा लौकिक आमच्या करवीरास नवा नाही. नव्या राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरलेली श्वापदे पाहताना माझे मन हटकून जाते ते संस्थानच्या शिकारखान्यातील चित्त्यांकडे. शाहू महाराजांच्या आणि पुढे राजाराम महाराजांच्या अमदानीत त्यांची मोठी बडदास्त असे. देशी चित्ता दुर्मिळ झाला तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणविले गेले. डोळ्यांवर टोपी, गळ्यात पट्टा, अशा थाटात बैलांच्या छकड्यातून त्यांना माळावर नेत, आणि काळविटांचा कळप दृष्टीच्या टप्प्यात आला की टोपी निघे. मग जे घडे ते क्षणांच्या हिशेबातले. एवढ्यात झडप साधली नाही तर चित्ता धापा टाकीत बसून राही. साधली, तर काळविटाच्या नरड्यावर दात रोवून बसलेल्या त्या जनावरापाशी चित्तेवान निःशंकपणे जाई, लाकडी पळीतून ताजे रक्त त्याच्या तोंडापुढे धरी, आणि चित्ता शिकार सोडून मुकाट्याने पळीकडे वळे. सिंहासारखी गर्जना त्याला येत नाही. लाडात आला की तो मांजरासारखा घुरघुरतो. अकबराने हजारभर चित्ते बाळगल्याचे त्याचा पुत्र जहांगीर सांगतो आणि ते बंदिवासात वीत नाहीत, असेही नोंदवतो. त्याच्या कारकिर्दीत एक मादी व्याली, ती अपवाद म्हणूनच दप्तरी लागली. त्यानंतर बंदिस्त चित्त्याला पिल्ले झाल्याची नोंद थेट १९५६ मधली, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक चित्ता रानातून नव्याने धरून आणावा लागला, आणि रानातला साठा सरत गेला. जर्बिलाची मादी मात्र साधारण पंचवीस दिवसांत विते. माणसाळणे आणि माणसाच्या घरी संसार थाटणे या दोन गोष्टी निराळ्या. माझा आदर, खरे सांगायचे तर, ज्याने पळीतले रक्त घेतले पण वंश दिला नाही, त्या उमद्या जनावराकडेच झुकतो.

जर्बिलाच्या कुळातला एक देशी उंदीरही आहे. वीतभर अंगाचा, टपोऱ्या डोळ्यांचा, अंगाहून लांब शेपटीच्या टोकाला काळसर झुपका मिरवणारा हा निशाचर बांधात आणि माळरानात बिळे करून राहतो. हातकणंगल्याकडच्या एका भुईमूगवाल्या परिचिताला मी शेजारच्या मुलाच्या हट्टाची आणि पिंजऱ्यासह होणाऱ्या खर्चाची हकिगत ऐकवली, तेव्हा तंबाखू मळता मळता तो म्हणाला, “पैसं कशाला घालवताय सायेब? आमच्या बांधाला लागंल तेवढं हाईत. पोतं घिऊन या की.”