काटेपूर्णेच्या माथ्यावरून

काटेपूर्णा आमच्या वाशीम तालुक्यात काटा गावाजवळ उगम पावते. या पठारावरचा पाऊस उत्तरेकडे वळला तर पूर्णेतून तापीला, पुढे अरबी समुद्राला मिळतो. दक्षिणेकडे वळला तर पैनगंगेतून गोदावरीच्या खोऱ्यात, बंगालच्या उपसागराकडे जातो. म्हणून इथला कुठलाच नाला मला लहान वाटत नाही.

पोळ्याआधी गावची नि तांड्याची बैलं एकाच डोहात धुतली जातात. उन्हाळ्यात बाया कोरड्या पात्रात झिरा उकरतात. गढूळ पाणी आधी उपसून टाकतात, मग नितळ पाणी वाटीवाटीनं गुंडात भरतात. ते पाणी रेतीनंच धरून ठेवलेलं असतं. रेती गेली की झिराही गेला. नाल्यातली रेती राखा, बाबांनो. काठच्या विहिरी तिच्यावरच जगतात.