लेन्सवरचा डाग पुसण्याआधी



शाळेत आता फोटो लागत नाही असा दिवस नाही. आणि कॅमेरा वर्गात आला की मुलांची बोटं आधी लेन्सवर जातात! आमच्याकडे लोकवर्गणीतून घेतलेला एक जुना डीएसएलआर आहे. दिवाळीनंतर आमची काही मुलं आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. जाण्याआधी प्रत्येकाचा एक फोटो छापून देतो. बऱ्याच घरांत मुलाचा कागदावरचा तेवढाच फोटो असतो, म्हणून त्या लेन्सची काळजी जरा जास्तच घेतो.

डाग दिसला की आपला हात रुमालाकडे जातो, ताईंचा पदराकडे. तिथेच थांबायचं. आधी डाग फोटोत येतो का ते बघा. लेन्सच्या पुढच्या काचेवर एखाद-दुसरा धुळीचा कण असेल तर तो फोटोत दिसतच नाही. बोटाच्या तेलकट ठशाचं मात्र तसं नाही. मुलाला खिडकीकडे पाठ करून उभं करा आणि फोटो काढा. चित्र दुधाळ, फिकट आलं तर ठसा उजेड पसरवतोय. आणि आकाशाच्या फोटोत दर वेळी एकाच जागी काळपट ठिपका येत असेल तर ती धूळ बहुतेक आतल्या सेन्सरवर आहे, ते काम दुकानदाराचं. लेन्स घासून काही उपयोग नाही.

घासण्याची भीती का, तेही सांगते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. लेन्समध्ये अशा बऱ्याच काचा असतात. म्हणून त्यांच्यावर एक पातळ लेप देतात. झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये याचं पेटंट घेतलं. लेपाचा एक थर साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. तिरकं धरल्यावर काचेवर जांभळी-हिरवी झाक दिसते ना, ती त्याचीच. आता रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूतला क्वार्ट्‌झ काचेपेक्षाही कठीण. धुळीसकट रुमाल फिरवला की तो पॉलिश पेपरच झाला.

म्हणून पहिलं काम पुसण्याचं नाही, धूळ उडवण्याचं. रबरी फुग्याचा ब्लोअर स्वस्त मिळतो. लेन्स खाली तोंड करून धरायची आणि फुगा दाबायचा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. उरलेले कण मऊ ब्रशने अलगद झटकायचे, त्या ब्रशला बोट लावायचं नाही. मगच स्वच्छ मायक्रोफायबर कापड घ्यायचं. मध्यापासून सुरुवात करून हलक्या हाताने गोल गोल बाहेर जायचं.

एवढ्याने न जाणारे डाग दोन जातीचे. तेलकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे ‘आयपीए’ म्हणून मागा. थेंब कापडावर टाकायचा, लेन्सवर कधीच नाही. कडेने आत गेला तर नवीनच दुखणं. पाण्याचा थेंब वाळून पांढरं कडं उमटलं असेल तर अल्कोहोल फारसं कामाचं नाही, कारण ते क्षार आहेत. बोअरच्या पाण्याने किटलीत जमतात तेच. त्याला डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं कापड क्षणभर टेकवून ठेवा, क्षार मऊ होऊ द्या, मग टिपा. तीन-चारदा करावं लागतं. जोर लावायचा नाही, वेळ द्यायचा. (परिसर अभ्यासात विद्राव्य-अविद्राव्य शिकवताना हे दोन डाग जुन्या चष्म्याच्या काचेवर करून दाखवा. कुठला डाग कशात विरघळतो, मुलं दोन मिनिटांत सांगतात.)

सॅनिटायझरच्या बाटल्या शाळेत पडून आहेत म्हणून तो वापरू नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, काचेवर पापुद्रा राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट, खिडक्या पुसायचा स्प्रे यांचं तर नावच नको.

माझं स्पष्ट मत, मुलांच्या हातात कॅमेरा द्यावाच. लेन्सच्या पुढे साधा यूव्ही फिल्टर बसवून द्यावा. ठसे उमटू देत की त्याच्यावर! वर्गात ब्लोअरची पाळी लावली आहे आणि फळा पुसण्याच्या पाळीपेक्षा तिच्यासाठी जास्त भांडणं होतात.

राहिला आतला डाग. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत बंद राहिला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती बाहेरून कितीही पुसा, जात नाही आणि वाढली की लेप खाते. आम्ही कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. रंग बदलणारी जेल घेतली तर ती ओली झाल्याचं लगेच कळतं. आमच्या लेन्समध्ये कडेला असा एक बारीक धागा आला तेव्हाचाच आहे. उघडून साफ करायला दुकानदाराने लेन्सच्या किमतीएवढे पैसे सांगितले. फोटोत तो कुठेही येत नाही, म्हणून राहू दिला आहे. दर जूनमध्ये टॉर्च लावून वाढला का तेवढं बघते.